मदत हवी आहे: भाच्याची एएलडीची (मेंदू आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथींचा आनुवंशिक आजार) टेस्ट कुठून करावी?

नमस्कार, आम्ही देवगडचे. बहिणीचा मुलगा ८ वर्षांचा, गणपतीपासून अक्षर पार बिघडलंय, हाक मारली तरी लक्ष नाही, कान तपासले तर नॉर्मल. त्यात रंग काळवंडतोय, सगळे म्हणतात समुद्रावर हुंदडतो म्हणून, पण हिरड्या काळ्या पडायला तिथे कुठलं ऊन? रक्तात कॉर्टिसॉल (अ‍ॅड्रिनल ग्रंथींचं हार्मोन) कमी आलं, त्याच्या गोळ्या चालू केल्यात. एमआरआय बघून डॉक्टरांना एएलडीचा संशय आहे, आईकडून येतो म्हणे, आता व्हीएलसीएफए (एक प्रकारची फॅटी अ‍ॅसिडं मोजणारी) ही रक्ताची टेस्ट सांगितलीय. सॅम्पल रत्नागिरी किंवा कोल्हापूरहून पाठवतात का मुंबईच गाठावी लागेल? त्याच्या धाकट्या भावाला काहीच त्रास नाहीये, तरी त्याचीपण आत्ताच करावी ना? आणि मलाही मुलगा आहे, मग मीपण तपासून घेऊ का? कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.