कंपनीने सुचवलेले संयुक्त पेटंट महाविद्यालयाने स्वीकारावे का?

प्रश्न : रसायन_विदर्भ
मी एका अनुदानित महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. विंधन विहिरीच्या पाण्यातील फ्लोराइड शोषून घेणारे दाणेदार माध्यम मी आणि माझ्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने तयार केले असून, त्या कामाला केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे अनुदान होते. जलशुद्धीकरण यंत्रे बनवणारी एक कंपनी पेटंटचा सगळा खर्च उचलायला तयार आहे. मात्र पेटंट महाविद्यालय आणि कंपनी यांच्या संयुक्त नावावर असावे आणि रॉयल्टीचे पुढे बघू, असे तिचे म्हणणे आहे. प्राचार्यांना प्रस्ताव पसंत आहे. विद्यार्थ्याचा प्रबंध लवकरच सादर व्हायचा आहे. सही करण्यापूर्वी काय पाहावे?

उत्तर : जुना_कुलसचिव
आधी अनुदानाचे मंजुरीपत्र काढून वाचा. आपल्या पेटंट कायद्यात नोकरदाराने लावलेल्या शोधाची मालकी कोणाची, याविषयी वेगळे कलम नाही. सारे सेवाशर्तींवर आणि करारांवर अवलंबून असते. या विभागाच्या मार्च २००० च्या सूचनांनुसार मालकी संस्थेकडे राहते, शोधकर्त्यांना प्रत्यक्ष उत्पन्नाच्या एक तृतीयांशापर्यंत वाटा देता येतो आणि शासकीय प्रयोजनासाठी भारत सरकारला रॉयल्टीविना वापराचा हक्क असतो. हा शेवटचा मुद्दा कंपनीला आजच लेखी कळवा. पाणीपुरवठ्याच्या क्षेत्रात तो किरकोळ नाही.

उत्तर : दावा_आणि_मसुदा
खरी मेख ‘संयुक्त’ या शब्दात आहे. पेटंट कायद्याच्या कलम ५० प्रमाणे, वेगळा करार नसेल तर प्रत्येक सहमालकाला दुसऱ्याला हिशेब न देता स्वतःच्या फायद्यासाठी पेटंट वापरता येते. परंतु इतर कोणाला परवाना द्यायचा किंवा आपला हिस्सा विकायचा, तर दुसऱ्या सहमालकाची संमती लागते. याचा अर्थ असा की, कारखाना असलेली कंपनी उद्यापासून माल काढेल आणि तुम्हाला एक रुपयाही देणे लागणार नाही, तर कारखाना नसलेल्या महाविद्यालयाला दुसरा उत्पादक गाठण्यासाठी तिचीच परवानगी मागावी लागेल. कागदावर मालकी निम्मी असली, तरी व्यवहारात ती एकाच बाजूची ठरते.

‘सगळा खर्च’ म्हणजे तरी किती? २०२१ च्या दुरुस्तीनंतर शैक्षणिक संस्थांना शुल्कात ८० टक्के सवलत असून, ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क ८,००० ऐवजी १,६०० रुपये आहे. परीक्षणाचे शुल्क वेगळे, आणि मसुदा लिहिणाऱ्या एजंटचे मानधन त्याहून बरेच अधिक, हे खरे. पण तेवढ्यासाठी निम्मी मालकी देणे मला पटत नाही. पेटंट महाविद्यालयाच्याच नावावर ठेवावे आणि कंपनीला परवाना द्यावा. तिने अनन्य, म्हणजे फक्त तिलाच मिळणारा, परवाना मागितला, तर किमान वार्षिक रॉयल्टी आणि ठरावीक मुदतीत उत्पादन सुरू न झाल्यास अनन्यता संपेल, ही दोन कलमे सोडू नका. कलम ६८ प्रमाणे असा परवाना लेखी नसेल तर तो वैधच ठरत नाही, त्यामुळे ‘पुढे बघू’ला काहीही अर्थ नाही.

उत्तर : प्रबंध_मार्गदर्शक
प्रबंधाकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. तो शोधगंगेवर (विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) सर्वांसाठी खुला झाला की पेटंटसाठी लागणारे नावीन्यच धोक्यात येते. विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधासाठी कलम ३१ मध्ये १२ महिन्यांची मुभा आहे, पण ती इतकी अरुंद आहे की तिच्या भरवशावर प्रबंध किंवा शोधनिबंध आधी बाहेर पाठवू नये. आत्ता तात्पुरत्या तपशिलासह अर्ज दाखल करावा. पूर्ण तपशील १२ महिन्यांत देता येतो. शोधकर्ता म्हणून विद्यार्थ्याचे नाव आलेच पाहिजे. तो महाविद्यालयाचा कर्मचारी नसेल, तर त्याच्याकडून हक्कांच्या हस्तांतरणाचा लेखी दस्तऐवज घ्या आणि त्याचा वाटा त्यातच नमूद करा. प्राचार्यांचे नाव मात्र निव्वळ पदामुळे घालू नका.

रसायन_विदर्भ
आभारी आहे. कंपनीने चाचणीसाठी माध्यमाचा नमुनाही मागितला आहे.

दावा_आणि_मसुदा
अर्ज क्रमांक हाती येईपर्यंत देऊ नका. त्यानंतरही गोपनीयतेच्या करारावर सही घेऊनच द्या, आणि नमुन्याचे रासायनिक विश्लेषण करणार नाही, ही अट त्यात स्पष्ट लिहून घ्या.