मदत हवी आहे: नागपुरात वर्धा रोडकडे कुत्रा चालणारा ३ बीएचके किरायाने

आम्ही दोघं आणि एक लॅब्रॅडॉर. ऑफिस मिहानमध्ये, म्हणून बेसा, मनीषनगर ते जामठा या पट्ट्यात गेट आणि सिक्युरिटी असलेल्या चांगल्या स्कीममध्ये फ्लॅट शोधतोय. बजेट मेंटेनन्ससह ४० हजारांपर्यंत. कुत्र्याची नसबंदी झालेली आहे, रेबीजचं लसीकरण चालू आहे, मनपाचा परवानाही आहे. मे महिन्यात त्याला दुपारभर एसी लागतो, त्यामुळे पॉवर बॅकअप हवाच.

वेबसाइटवर ‘पेट चालेल’ असं फिल्टर लावून पाहिलं, दलालांनाही सांगितलं. घरमालक हो म्हणतात, टोकनची वेळ आली की सोसायटीचे सेक्रेटरी आडवे येतात. कुठे कुत्र्याला लिफ्ट बंद, कुठे थेट नकार. अॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळण्यावर किंवा लिफ्टवर बंदी घालता येत नाही, हे माहीत आहे. पण रोज भांडून राहण्यात काय मजा? स्वतंत्र बंगला नको, आम्ही बरेचदा बाहेरगावी असतो.

करार रजिस्टर्डच करणार आहोत, ११ महिन्यांचा. दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. या भागात आधीपासून कुत्रे असलेले किरायेदार विनाकटकट राहतात अशी स्कीम कोणती? आणि मधेच सोसायटीने त्रास दिला तर नोटीस पीरियड न भरता डिपॉझिट पूर्ण परत मिळावं, असं कलम कुणी करारात घालून घेतलंय का, घातलं असेल तर नेमक्या कोणत्या शब्दांत?