खाडीपलीकडची लिंक: पैसा रेडिओत घालायचा की खांबात?

पैलतीर
आमची वाडी खाडीच्या अल्याड, बाजारपेठ पल्याड. सरळ रेषेत ५ किलोमीटर, रस्त्याने फिरून जायचं तर २७. फायबर बाजारपेठेपर्यंतच येते, पुढे मी एका कंपनीची फ्रँचायझी म्हणून वायरलेस लिंकवर ४० घरांना नेट देतो. पलीकडची डिश सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, पाण्यापासून साधारण ६० मीटर उंच, इकडची माझ्या खांबावर. दोन्हीकडे लाइटबीम, म्हणजे डिशसकट येणारा रेडिओ, २३ डीबीआयचे (डीबीआय म्हणजे डिश लहर किती एकवटते त्याचं माप).

माझं मत आधीच सांगून टाकतो, की लोक डब्यावर छापलेला ४५०, ८६७ असा आकडा बघून रेडिओ घेतात आणि तिथेच फसतात. रेडिओ मधल्या किमतीचा कुठलाही चालतो, पैसा घाला खांबात, डिशमध्ये आणि बाहेर टिकणाऱ्या केबलमध्ये. समोरचा टॉवर डोळ्याला दिसला म्हणजे झालं असं नाही, त्या रेषेभोवती मोकळी जागा लागते. ५.८ गिगाहर्ट्झला ५ किलोमीटरच्या मधोमध वरखाली ८-८ मीटर. म्हणूनच मी गेल्या वर्षी खर्च करून खांब वाढवला. डिश आधी पाण्यापासून १२ मीटरवर होती, ती आता १८ वर. सिग्नल -६६ वरून -६२ डीबीएम झाला (आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल दमदार).

एकच दुखणं आहे. दिवसातून काही वेळ सिग्नल एकदम -७५ पर्यंत पडतो, तास दीड तासाने आपोआप परत येतो. दुकानदार म्हणतो ३० डीबीआयची डिश आणि महाग रेडिओ घ्या. माझा विश्वास नाही, तुम्ही सांगा.

सिग्नलवाला
दादा, मला हे अजिबात पटलेलं नाही. रेडिओ कुठलाही चालतो हे वाक्य वाचून नवीन पोरं दोन साधे राउटर गच्चीवर बांधतील आणि मग रडत बसतील. मी सुरुवातीला तेच केलं होतं. एका सेक्टर अँटेनावर (एका बाजूच्या सगळ्या घरांना एकदम सिग्नल देणारी) ३० गिऱ्हाईकं, साधं वायफाय. त्यात प्रत्येक रेडिओ आधी ऐकतो, कोणी बोलत नसेल तर बोलतो. पण टेकडीच्या दोन बाजूंच्या घरांना एकमेकांचं ऐकूच येत नाही, दोघं एकाच वेळी बोलतात आणि डेटाचा चुथडा. संध्याकाळी आठ वाजले की माझा फोन बंद ठेवावा लागायचा इतके कॉल यायचे. युबिक्विटीचं एअरमॅक्स नाहीतर मायक्रोटिकचं एनव्ही२ घेतलं तेव्हा सुटलो, कारण तिथे प्रत्येकाला बोलायची वेळ वाटून दिलेली असते. शिवाय हे दोन एकमेकांशी बोलत नाहीत हेही लिहा, एका टोकाला एक ब्रँड आणि दुसऱ्या टोकाला दुसरा लावून हा फायदा मिळणार नाही.

तुमचं दुखणं म्हणजे बाजारपेठेतला गोंगाट, दुसऱ्यांच्या रेडिओंचा. २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचे पट्टे लायसनमुक्त झाले तेव्हापासून सगळेच तिथे आलेत. चांगला रेडिओ घ्या, स्पेक्ट्रम बघा म्हणजे कुठला पट्टा मोकळा ते कळेल, चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झवर आणा.

चिरेखाण
मी वेगळंच म्हणतो, रेडिओच नको. ४० घरं आहेत, उद्या ८० होतील. एकदाच फायबर ओढा, वीज गेली तरी मधल्या खांबाला बॅटरी लागत नाही.

पैलतीर
@चिरेखाण, भाऊ, फायबर मलाही हवीच आहे. पण २७ किलोमीटर झाडांखालून ओढायची, जूनमध्ये आंब्याचं एक झाड पडलं की गेली, आणि ती जोडायला स्प्लाइसिंगचं मशीन घेऊन माणूस येईपर्यंत पोरांचा ऑनलाइन फॉर्म भरायची तारीख निघून जाते. लिंक पडली तर मी स्वतः खांबावर चढतो आणि तासाभरात चालू करतो. निदान दुसरी वाट म्हणून तरी रेडिओ राहणारच.

@सिग्नलवाला, अनेक गिऱ्हाईकांच्या सेक्टरला तुमचं म्हणणं १०० टक्के मान्य, माझं वाक्य जरा सैल झालं. पण माझी ही लिंक एकास एक आहे, इथे भांडायला तिसरा नाहीच.

भरतीची_वेळ
मध्येच बोलते. गोंगाटाने सिग्नल पडत नाही हो! गोंगाटाने नॉइज फ्लोअर, म्हणजे मागच्या कलकलाटाची पातळी, वर येतो, सिग्नल जिथल्या तिथे राहतो आणि स्पीड जातो. इथे सिग्नलच १३ डीबी खाली जातोय. दादा, पडतो तेव्हा नॉइजचा आकडा किती असतो? आणि मुख्य म्हणजे किती वाजता पडतो, रोज त्याच वेळी का?

पैलतीर
ताई, नॉइज -९५ च्या आसपास, हलत नाही. वेळ वहीत लिहिली आहे. सोमवारी सकाळी ९.१०, मंगळवारी १० ला, बुधवारी १०.५०, गुरुवारी ११.४०. संध्याकाळीही एकदा पडतो, तोही असाच पुढे सरकतो.

भरतीची_वेळ
मग गोंगाट नाही, भरती आहे. रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकणारी दुसरी कुठली गोष्ट खाडीवर आहे सांगा. सड्यावरून निघालेली लहर तुमच्याकडे दोन वाटांनी येते, एक सरळ आणि एक पाण्यावर आपटून. तुमच्या उंचीच्या हिशेबाने ती तुमच्यापासून सव्वा किलोमीटरच्या आत, ऐन पाण्यात आपटते. लहरीची लांबी फक्त ५ सेंटिमीटर. पाणी दोन अडीच मीटर वर आलं की दोन वाटांच्या लांबीतला फरक साडेसात सेंटिमीटरने बदलतो, म्हणजे कधी दोन्ही लहरी एकमेकींना जोर देतात तर कधी मारतात. मारतात तेव्हा तुमचा -७५. उधाणाला जास्त जाणवत असेल बघा.

आणि मोठी डिश घेऊ नका या कामासाठी. सरळ आणि आपटलेल्या लहरीत दीड अंशाचाही फरक नाही, ३० डीबीआयची डिश साधारण ५ अंश बघते, ती दोन्ही गोळा करणार.

एक विचारू? हे खांब वाढवल्यानंतर सुरू झालं का?

पैलतीर
हो. आत्ता वही मागे चाळली आणि गप्प बसलो. जुन्या खांबावर -६६ होता पण दिवसभर ठाम -६६. समोर ३०० मीटरवर सुरूचं बन आहे, दहा-अकरा मीटर उंच, ते जरा आड येतं असं वाटायचं म्हणून तर खांब वाढवला.

भरतीची_वेळ
तेच बन तुमचं काम करत होतं. १२ मीटरवरून बघितलं तर सरळ लहर त्या बनापाशी १५ मीटरवरून येते, शेंड्यांपासून चार मीटर मोकळी, तेवढी पुरते. आपटलेली लहर येते पावणेआठ मीटरवरून, ती झाडात अडकायची. १८ वर गेलात आणि तिलाही वाट करून दिलीत. डिश परत १२ ला आणा. ते चार डीबी गेले तर जाऊ द्या, त्या बदल्यात ठाम लिंक मिळेल. सुरू वाढतात, दोन वर्षांनी परत मोजा.

सिग्नलवाला
ताईंचा मुद्दा मान्य, नॉइजचा आकडा मी विचारायला हवा होता. तरी बाजारपेठेच्या बाजूला चांगला रेडिओ हवा हे मी सोडणार नाही, आज -९५ आहे तो दिवाळीपर्यंत तसाच राहील याची खात्री कोण देणार. आणि पॉवर वाढवून भरपाई करायच्या फंदात पडू नका, ३६ डीबीएम ईआयआरपी (रेडिओची पॉवर अधिक डिशचे डीबीआय) ही मर्यादा आहे, २३ च्या डिशला रेडिओची पॉवर १३ वरच ठेवायची.

चिरेखाण
म्हणजे खांबाचा खर्च पाण्यात. फायबर म्हटलं होतं मी.

पैलतीर
खांब वाया नाही गेला, त्याच्या टोकावर वाडीसाठीचा सेक्टर चढवीन, फक्त खाडीकडची डिश खाली येईल. येत्या अमावास्येच्या उधाणाला उतरवतो आणि दोन दिवस दर दहा मिनिटांचा आकडा लिहून इथे टाकतो. पडलाच तर @सिग्नलवाला तुमचा रेडिओ घेऊन बघेन, शब्द आहे.

सिग्नलवाला
उतरवताय तर रेडिओत घुसणारी केबलची पिनही उघडून बघा. खाऱ्या हवेत तांब्यावर हिरवट थर चढतो, बाहेरून काही कळत नाही. नवीन पिन मारा आणि केबलला रेडिओच्या खाली झोळ ठेवा, पाणी तिथून ठिबकून जाऊ दे, आत नको.