विषय: अधिवेशनाचं हॉटेल आणि कंपनीचा कॉर्पोरेट कोड

मंडळी, नमस्कार.
आमच्या कंपनीचा कोड टाकला की अधिवेशनाजवळच्या हॉटेलचा दर बराच उतरतो. तो आणखी चार कुटुंबांना दिला तर चालेल का? काउंटरवर खरंच कोणी विचारतं का?

---

नमस्कार.
विचारतात, पण दरवेळी नाही, आणि म्हणूनच लोक गाफील राहतात. मॅरियट, हिल्टन किंवा हायॅटच्या साइटवर कोड टाकताना सहसा कोणी अडवत नाही. तपासणी झालीच तर चेक-इनला. बुकिंग पक्कं करण्याआधी ‘रेट डिटेल्स’ उघडून वाचा. ओळखपत्र लागेल असं तिथे असलं, तर कंपनीचा बॅज जवळ हवाच. बिझनेस कार्ड किंवा पे-स्टब (पगाराची पावती) काही हॉटेलं मानतात, काही नाही. पुरावा नसला तर खोली बहुधा मिळते, पण त्या दिवशीच्या चालू दराने, आणि अधिवेशनाच्या शनिवारी तो दर ऐकून घाम फुटतो.

चार कुटुंबांना कोड देऊ नका. कोणत्या कोडवर किती रात्री विकल्या गेल्या याचे अहवाल हॉटेलं कंपन्यांना देतात. मग प्रश्न हॉटेलपुरता राहत नाही, एचआरपर्यंत जातो. स्वतःसाठीसुद्धा आधी ट्रॅव्हल पॉलिसी बघा: काही कंपन्या खाजगी प्रवासाला हा दर देतात, काही फक्त कामासाठी. देत असतील तर बुकिंग कर्मचाऱ्याच्या नावावर करा आणि चेक-इनला त्यानेच उभं राहावं. बायको-मुलं आधी पोचणार असतील तर हॉटेलला आदल्या दिवशी फोन करून ठेवा.

सरकारी दराच्या, म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यांसाठीच्या सवलतीच्या दराच्या, वाटेला तर जाऊच नका. तिथे सरकारी ओळखपत्र मागतातच असं धरून चाला.

---

मी कॉन्ट्रॅक्टर आहे. बॅज क्लायंटचा, पगार दुसऱ्या कंपनीचा. कोड कोणाचा वापरू?

---

पगार देणाऱ्या कंपनीचा. क्लायंटचा बॅज बघून काउंटरवरचा माणूस सोडेलही, पण दर क्लायंटच्या करारातला आहे. त्यांच्या ट्रॅव्हल डेस्कने कॉन्ट्रॅक्टरांना परवानगी असल्याचं ईमेलवर कळवलं, तरच वापरा.

आणि पाच कुटुंबांपुरतं कशाला बघायचं? साधारण दहा खोल्या झाल्या की हॉटेलचा सेल्स विभाग ग्रुप ब्लॉक देतो, म्हणजे गटासाठी ठरलेल्या दराने खोल्या राखून ठेवतो. त्याच्या लिंकवरून कोणीही बुक करावं, बॅजबिज काही नाही. करारावर सही करण्याआधी आपल्या मंडळाच्या सचिवांनी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: कट-ऑफ तारीख कोणती, आणि खोल्या भरल्या नाहीत तर मंडळाला किती भरावं लागेल. कट-ऑफनंतर उरलेल्या खोल्या हॉटेल परत घेतं, तेव्हा लिंक आली की त्याच आठवड्यात बुक करा.