मालकाच्या बाजूने लेबर कोर्टात उभं राहणं चूक आहे का?

इंद्रायणीकाठ:
मी पुण्यात लेबर आणि इंडस्ट्रियल कोर्टात प्रॅक्टिस करते. १९ वर्षं झाली, आणि मी कायम मॅनेजमेंटच्याच बाजूने उभी राहिले. गेल्या आठवड्यात एका लग्नात नात्यातल्या काकांनी चारचौघांत विचारलं, "गरिबांच्या नोकऱ्या घालवून झोप लागते का गं तुला?" लग्नघरात वाद नको म्हणून गप्प बसले. पण तो प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून इथे मांडते.

आमचं काम कोर्टात चालतं असं लोकांना वाटतं. खरं तर ते जास्त फोनवर चालतं, आणि त्यातलं निम्मं "असं करू नका" हे सांगण्याचं असतं. चाकणच्या एका कारखान्यातून मॅनेजरचा फोन आला. तिसऱ्या पाळीत एक ऑपरेटर मशीन चालू ठेवून झोपलेला सापडला होता. फोटो होता, सुपरवायझरचा रिपोर्ट होता. "मॅडम, उद्याच टर्मिनेशन द्यायचंय, ड्राफ्ट पाठवा." मी म्हटलं, आधी त्याची पर्सनल फाइल आणि महिन्याचं मस्टर पाठवा. फाइलमध्ये १४ वर्षांची नोकरी आणि एकही मेमो नाही. मस्टरवर त्या आठवड्यातली चौथी डबल ड्यूटी.

मी सांगितलं, आपल्याकडे १९७१ चा पीयूएलपी, म्हणजे अनुचित कामगार प्रथा रोखणारा कायदा आहे. मागचं रेकॉर्ड न बघता किरकोळ गैरवर्तनासाठी घरी बसवलं, तर शेड्यूल चारप्रमाणे ती अनुचित कामगार प्रथा ठरते. आणि हे मस्टर कोर्टासमोर आलं तर जाब तुम्हालाच द्यावा लागेल. चार्जशीट द्या, खुलासा घ्या, फार तर चार दिवस सस्पेंड करा. मॅनेजर चिडले, पण ऐकलं. तो माणूस आजही त्याच मशीनवर आहे. हे कुठल्याच निकालपत्रात दिसत नाही.

आणि ज्याने खरंच स्टोअरमधून माल बाहेर काढला, बरोबरच्या बाईशी घाणेरडं वागला, सुपरवायझरवर हात टाकला, त्याच्या केसमध्ये कंपनीची बाजू कोणी मांडायचीच नाही का? माझं मत असं, की मालकाला जाणता वकील असेल तर कामगाराचाही त्यात फायदाच आहे.

घणसोलीचा पाटील:
मॅडम, ठाणे-बेलापूर पट्ट्यात ३१ वर्षं काम केलं, त्यातली १८ युनियनचा सेक्रेटरी होतो. तुमच्या ऑपरेटरची नोकरी वाचली, मनापासून बरं वाटलं. पण तो परमनंट होता. टेंपररीचं काय?

मॉडेल स्टँडिंग ऑर्डरचं, म्हणजे कारखान्यांसाठीच्या नमुना सेवा-नियमांचं ४-सी कलम सांगायचं, १२ महिन्यांत २४० दिवस सलग भरले की कामगार कायम. मग २३०व्या दिवशी पोराला ब्रेक द्या आणि पंधरवड्याने नवं पत्र द्या, हे मालकांना शिकवलं कोणी? ही युक्ती वकिलाच्या केबिनमधून आली. कंत्राटी मुलं पीयूएलपीखाली आली, तर "हे आमचे कामगारच नाहीत" एवढं लिहून द्यायचं. सिप्लाच्या केसमध्ये २००१ साली सुप्रीम कोर्टाने म्हटलं, मालक-कामगार नातं आधी दुसरीकडे सिद्ध करा, मग इथे या. त्या दिवसापासून आमच्या पट्ट्यातली किती पोरं दारातूनच परत गेली ते मी मोजलेलं आहे.

खातेनिहाय चौकशीच्या खोलीत मी बचाव प्रतिनिधी म्हणून बसलोय. एसी खोली. टेबलाच्या त्या बाजूला चौकशी अधिकारी, तोही कंपनीच्या पॅनेलवरचा वकील. कामगार अंगावर युनिफॉर्म, हाताला ग्रीस, खुर्चीच्या टोकावर बसलेला. रोजनामा इंग्रजीत टाइप होतो आणि प्रत्येक पानावर "इथे सही करा". एकाने विचारलं, साहेब यात काय लिहिलंय? उत्तर मिळालं, तुम्ही बोललात तेच. कंपनीने कायदा शिकलेला माणूस बसवला, तर कामगारालाही वकील मिळाला पाहिजे, हे मुंबई पोर्टच्या केसमध्ये १९८२ सालीच ठरलंय. पण कामगाराने तसा अर्ज करायला त्याला ते माहीत तर पाहिजे!

भोसरी एमआयडीसी:
माझा २२ माणसांचा वर्कशॉप आहे. पाटीलसाहेब, सगळे मालक वकिलाला विचारून वागतात असं समजू नका. २००९ साली ऑर्डर घटल्या, मी दोन माणसं कमी केली. माझे अकाउंटवाले म्हणाले, हिशेब देऊन टाका. नोटीस नाही, भरपाई नाही, वर दोघांपेक्षा ज्युनियर पोरगा ठेवला, कारण तो कॉम्प्युटरवरचं सीएनसी मशीन चालवायचा. एक महिन्याची नोटीस, वर्षाला १५ दिवसांची भरपाई आणि शेवटी आलेला आधी जाणार, हे कळलं ते समन्स आल्यावर. सहा वर्षांनी हरलो. दोघांना परत घेतलं, वर अर्धा मागचा पगार. तो भरायला एक मशीन विकलं. वेळेवर कुणी या मॅडमसारखं सांगितलं असतं, तर त्या दोघांचीही सहा वर्षं वाचली असती. मी मॅडमशी सहमत आहे.

गोदाघाट:
वडिलांना २००१ साली काढलं. आरोप काय होता ते लिहीत नाही, कोर्टात तो टिकला नाही. लेबर कोर्टाने कामावर घ्या म्हणून निकाल दिला २०११ ला. कंपनी हायकोर्टात गेली. तेव्हाच्या कायद्यातलं १७-ब कलम सांगायचं, हायकोर्टात केस चालू असेपर्यंत कामगाराला शेवटचा पगार द्यायचा. शेवटचा म्हणजे काढलं त्या दिवशीचा. दरमहा ३,८५० रुपयांचा चेक यायचा. २०१३ साली सुद्धा ३,८५०. त्याआधी "मी दुसरीकडे कुठेही नोकरीला नाही" असं प्रतिज्ञापत्र बाबांनी दिलं. ते देताना त्यांची मान खाली होती, मी शेजारीच उभी होते.

समोरचे वकील सभ्य होते. बाबांना "नमस्कार काका" म्हणायचे आणि मग तारीख मागायचे. साक्षीदार गावाला गेलाय. फाइल मुंबईच्या ऑफिसला आहे. सीनियर दुसऱ्या कोर्टात आहेत. वयाची ५८ उलटल्यावर कामावर घ्यायचा प्रश्नच संपला, मग ठोक रकमेवर मिटवलं. मॅडम, केस लढायला माझी हरकत नाही. १४ वर्षं लढायला आहे.

इंद्रायणीकाठ:
गोदाघाट, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं.

पाटीलकाका, ब्रेकबद्दल खरं तेच लिहिते. पहिली चार वर्षं सीनियरकडे होते, तेव्हा ती पत्रं मीही ड्राफ्ट केली आहेत. फॉरमॅट तयार असायचा, नाव आणि तारीख बदलायची. स्वतःचं ऑफिस काढल्यावर ते काम घेणं बंद केलं. दोन क्लायंट त्यावरून सोडून गेले. तेव्हा लिहिलेली पत्रं मात्र परत घेता येत नाहीत.

तारखांबद्दल: अपील करायचं की नाही हे क्लायंट ठरवतो. पण पुरावा नसेल तर "मिटवा" असं मी लेखी देते, तोंडी नाही. तोंडी सल्ला मॅनेजर वर पोहोचवतच नाही. लेखी असला की तो डायरेक्टरच्या टेबलावर जातो.

नाशिकचा काळा कोट:
मी कामगारांच्या बाजूने लढतो, त्यामुळे मॅडमच्या समोरच्या खुर्चीवरचा. मालकाला वकील असण्याशी माझं भांडण नाही. उलट समोर मुरलेला वकील असला की कागद लवकर कबूल होतात, मुद्दे चार राहतात. सगळ्यात त्रास होतो तो "मस्टर खरं आहे का" यावरही वर्षभर उलटतपासणी घेणाऱ्यांचा.

पण मॅडमचं मुख्य म्हणणं मला मान्य नाही. जाणता वकील कामगाराच्या फायद्याचा कधी? मालकाची ऐकायची तयारी असेल तेव्हाच. नसेल तेव्हा तेच कौशल्य उलटं फिरतं. महाराष्ट्रातल्याच एका प्राथमिक शाळेतल्या शिक्षिकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २०१३ साली हेच लिहिलं, की मालक उत्तमातला उत्तम वकील लावून कामगाराची फरफट लांबवू शकतो आणि कामगाराला तसा वकील परवडत नाही. म्हणून बेकायदा काढलं असेल, तर मागच्या पगारासह परत घेणं हाच सर्वसाधारण नियम, असं कोर्टाने म्हटलं. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात. बडतर्फीचा वाद कोर्टात न्यायची मुदत तीन वर्षांवरून दोनवर आली, आणि कारखाना बंद करायला किंवा कामगार कपातीला सरकारची परवानगी आता १०० ऐवजी ३०० कामगारांपासून लागते. मालकाला मोकळीक मिळाली, म्हणजे त्याच्या वकिलाच्या "नको" या शब्दावर आता जास्त भार आला. तो शब्द फीवर पोट असलेल्या माणसाने उच्चारायचा, यावर मी माझ्या पक्षकारांची घरं सोडायला तयार नाही.

घणसोलीचा पाटील:
कोटसाहेब बोलले ते माझंच मत. मॅडमनी पत्रांचं कबूल केलं, त्याचा मान ठेवतो. मत बदललेलं नाही.

गोदाघाट:
मॅडम, एकच विचारते. मिटवा असं तुम्ही लेखी देता, त्यात समोरच्या माणसाचं वय लिहिता का?

इंद्रायणीकाठ:
नाही. खर्च लिहिते, मागच्या पगाराचा आकडा लिहिते, जिंकायची शक्यता लिहिते. वय कधीच लिहिलं नाही. सोमवारी एक ओपिनियन पाठवायचंय, फिटर आहे, ५६ वर्षांचा. त्यात पहिल्या परिच्छेदात लिहिते.