पायथनची जर्नलं पूर्ण, पण पाच ओळी स्वतःच्या लिहिता येत नाहीत. काय करू?

तासिकावाला:

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. यंदा एफवायला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा माझ्याकडे आलीय. मुलं कॉम्प्युटर सायन्सची नाहीत. कुणी केमिस्ट्रीचं, कुणी बॉटनीचं, थोडी कॉमर्सची. नव्या धोरणात आपल्या शाखेबाहेरचा एक विषय घ्यावा लागतो, तो वेळापत्रकात इथे बसला म्हणून आलेली. ६४ जण, दोन बॅच. लॅबमध्ये २० मशीन, त्यातली १७ चालू, सगळ्यांवर विंडोज ७. एका मशीनवर दोघं बसतात. एक टाइप करतो, दुसरा मान डोलावतो.

जर्नलं, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वह्या, बघाल तर दृष्ट लागेल अशी. समासाला लाल रेघ, आउटपुट पेन्सिलीने चौकटीत. पण गेल्या आठवड्यात छोटी चाचणी घेतली. जर्नलमध्ये '१ ते ५० मधल्या सम संख्यांची बेरीज' आहे, मी फक्त 'विषम' विचारलं. निम्मे पेपर कोरे. एकाने सम संख्यांचाच प्रोग्रॅम अक्षरन् अक्षर उतरवून दिला, शेवटी 'आउटपुट ६५०' सकट. पाठांतराला दहापैकी दहा देईन, पण पायथनचं काय?

एक प्रसंग सविस्तर सांगतो, म्हणजे दुखणं कुठे आहे ते कळेल. एका मुलीच्या घरी दोन म्हशी आहेत, दूध डेअरीला जातं. मी म्हटलं, सकाळ-संध्याकाळची बेरीज करून दाखव. तिने दोन इनपुट घेतले, मध्ये अधिक टाकलं. सकाळी १२ लिटर, संध्याकाळी ९. उत्तर आलं १२९. ती म्हणाली, "सर, एवढं दूध निघत असतं तर मी इथं कशाला आले असते?" वर्ग हसला, मीही हसलो आणि म्हणालो, "इंट लाव." इंट म्हणजे मजकुराचा पूर्णांक करणारी आज्ञा. लावला. २१ आले. झालं!

इथेच माझं चुकलं बहुतेक. पुढच्या प्रॅक्टिकलला तिने नावालाही इंट लावला, व्हॅल्यू एरर, म्हणजे याचा पूर्णांक होत नाही अशी तक्रार. मग फॅट ४.२ टाकायला गेली, तिथेही इंट, पुन्हा व्हॅल्यू एरर. इनपुट जे काही देतं ते मजकूर म्हणून देतं, हे तिला कळलंच नव्हतं. सरांनी एक मंत्र दिला, तो ती सगळीकडे म्हणत होती.

आणि फॉर लूपला, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवायला, तर गाडी पार रुतली. दोनाचा पाढा काढायला सांगितला. कुठून कुठपर्यंत मोजायचं ते रेंज सांगतं, सगळ्यांनी त्यात १ आणि १० लिहिलं, पाढा १८ वर थांबला. मी म्हटलं, १० च्या जागी ११ लिहा. लिहिलं. का, ते कुणी विचारलं नाही. मागच्या बाकावरून एवढंच आलं, "सर, परीक्षेला ११ लिहायचं ना?"

हाताशी पाच आठवडे आहेत. लिस्ट, डिक्शनरी, फंक्शन, फाइल हे सगळं बाकी. विभागप्रमुख म्हणतात, सिलॅबस संपवा. मला वाटतं, फॉरवरच थांबावं. प्रत्यक्ष वर्गात उभं राहून शिकवलेल्यांनी सांगा. यूट्यूबच्या लिंका नकोत, माझ्याकडे ढीग आहे.

फळाखडू:

सर, मी आता निवृत्त. पास्कलपासून सुरुवात केली, पुढे टर्बो सीची निळी स्क्रीन, शेवटची सहा वर्षं पायथन. जर्नलाचं दुखणं भाषा बदलली म्हणून गेलं नाही, तेव्हा पायथनला किंवा स्वतःला फार बोल लावू नका.

पहिलं म्हणजे मशीन बंद ठेवून शिकवा. प्रोग्रॅम फळ्यावर लिहायचा आणि काय छापून येईल ते आधी प्रत्येकाने वहीत लिहायचं. मगच एका मशीनवर चालवून दाखवायचा. ज्याचं चुकलं त्याचे कान उघडे होतात. ज्याने अंदाजच केला नाही, त्याला आउटपुट दिसलं काय न दिसलं काय. तुमच्या १२९ च्या वेळी हेच करायला हवं होतं. पोरीने उत्तर आधी लिहिलं असतं, तर ती स्वतःच भांडत आली असती. नंतर '५' हा मजकूर गुणिले ३ काय, हेही विचारा. ५५५ येतात. त्यावर वर्ग दहा मिनिटं गप्पा मारतो, मारू द्या.

दुसरं, फॉर शिकवताना सुरुवातीला रेंज आणूच नका. भाज्यांची लिस्ट घ्या: कांदा, बटाटा, मिरची. पिशवीतून एकेक काढ, नाव वाच, पिशवी रिकामी झाली की थांब. फॉर एवढंच आहे. आपण पहिल्याच दिवशी फॉर, रेंज, 'आय' हे फेरी मोजणारं नाव आणि समासातून आत सरकणं अशा चार गोष्टी एका ताटात वाढतो, आणि पोरांना अपचन झालं की म्हणतो फॉर अवघड आहे. रेंज नंतर आणा. त्यातल्या शेवटच्या आकड्याला मी कुंपण म्हणायचो. कुंपणापर्यंत चरायचं, कुंपण खायचं नाही. त्याचा फायदाही सांगा. नुसतं रेंज १० लिहिलं तर शून्यापासून बरोबर दहा आकडे येतात, आणि दहा जणांच्या लिस्टमध्ये क्रमांकही शून्य ते नऊच असतात. हे जुळताना दिसलं की ११ पाठ करायची गरज उरत नाही.

तिसरं, तुमच्या १७ मशीनवरचा उतारा. प्रोग्रॅमच्या ओळी मोठ्या अक्षरात छापा, कात्रीने पट्ट्या करा, पिसून द्या. चौघांत एक संच, बाकावर क्रम लावायचा. कुठली ओळ आत सरकते तेही पट्टी सरकवूनच दाखवायचं. शिक्षणाच्या संशोधनात याला पार्सन्स कोडी म्हणतात, न्यूझीलंडच्या दोघींनी २००६ साली मांडलेली. त्यांनी ती कॉम्प्युटरवर केली होती, मी रद्दी कागदावर. वीज गेली तरी तास बुडत नाही.

लिस्टवर याल तेव्हा एक खड्डा लागेल, आत्ताच सांगून ठेवतो. व्हेरिएबल म्हणजे डबा असं शिकवलं असेल, तर 'बी बरोबर ए' लिहिल्यावर पोरांना दोन डबे दिसतात. मग बीमध्ये काही घातलं की एमध्येही कसं आलं, म्हणून ओरडतात. मी सांगायचो: घरी बाळू, सातबाऱ्यावर बाळासाहेब. बाळूचे केस कापले की बाळासाहेबांचेही कापले गेले. माणूस एकच, नावं दोन. वेगळा माणूस हवा असेल तर कॉपी करा.

सिलॅबसचं म्हणाल, तर फाइल एका तासात उरका. फॉर आणि इफ (जर-तरची अट) न येणाऱ्याला फाइल उघडता आली तरी तो तिच्यात बघत बसणार.

बाणेरची टेस्टर:

सर, मी तुमच्या मागच्या बाकावरची पोर आहे असं समजा. बारावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर बीएस्सी, आता नऊ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. खरं सांगू? लाल अक्षरं दिसली की मी खिडकी बंद करायचे. वाचायचेच नाही. मला ते सरांनी इंग्रजीत रागावल्यासारखं वाटायचं. एरर खालून वर वाचायची, शेवटच्या ओळीत कुठली चूक झाली ते असतं आणि त्याच्या वर ओळीचा नंबर, हे मला नोकरीत एका सहकाऱ्याने सांगितलं. कॉलेजात कुणीच नाही.

त्यामुळे एक तास मुद्दाम चुका करायला ठेवा. नेम एरर, टाइप एरर, व्हॅल्यू एरर, इंडेंटेशन एरर. प्रत्येकीने एकेक चूक घडवून आणायची आणि ती काय म्हणते ते मराठीत वहीत लिहायचं. 'हे नाव मला कुणी सांगितलंच नाही' म्हणजे नेम एरर. भीती तिथेच जाते.

विंडोज ७ आहे म्हणजे तुमच्याकडे पायथन ३.८ असणार, त्याच्या पुढचं त्यावर बसत नाही. ३.८ मध्ये कंस बंद करायचा राहिला तर चूक सातव्या ओळीत असते आणि बोट आठव्या ओळीकडे दाखवतं, वर नुसतं 'इनव्हॅलिड सिंटॅक्स'. मुलं बिचारी आठवी ओळ पुसून पुन्हा लिहीत बसतात. ३.१० पासून ते सरळ सांगतं की कंस उघडलाय तो बंदच केला नाही. तुम्हाला ते मिळणार नाही, तेव्हा 'आधी वरची ओळ बघ' हे फळ्याच्या कोपऱ्यात लिहूनच ठेवा. आणि जमलं तर थॉनी टाका. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात तयार झालेला, नवशिक्यांसाठीचा एडिटर आहे, फुकट. एकेक ओळ थांबत थांबत चालवता येते आणि कुठल्या व्हेरिएबलमध्ये आत्ता काय आहे ते बाजूला दिसतं. जुन्या विंडोजसाठी ३.८ सोबतचा इन्स्टॉलर वेगळा मिळतो, तोच घ्या.

आणि मान डोलावणाऱ्याचं काहीतरी करा. मी तीन वर्षं मान डोलावली आहे. दर दहा मिनिटांनी कीबोर्ड दुसऱ्याकडे, घड्याळ लावून.

निवांत_पाटील:

एवढा खटाटोप कशाला? आता एआय लिहून देतंय सगळं. पोरांना तेच वापरायला शिकवा की.

तासिकावाला:

पाटील, ते मी शिकवायच्या आधीच शिकून बसलेत. तिघांच्या असाइनमेंटमध्ये ट्राय-एक्सेप्ट (चूक आली तर सांभाळून घेणारं) निघालं, जे मी अजून शिकवलेलं नाही, आणि कॉमेंट अशा इंग्रजीत की मलाही जमणार नाही. फंक्शन 'डेफ' या शब्दाने सुरू होतं. एकाला विचारलं, ही 'डेफ' काय भानगड आहे? म्हणाला, "सर, ते आलं तसंच." वापरू देत, पण आलेलं वाचता तरी यायला हवं.

फळाखडू सर, बाणेरच्या ताई, मनापासून आभार. तीन आठवडे काही लिहिलं नाही, कारण करून बघत होतो. विभागप्रमुखांना सांगितलं नाही, फाइल एका तासात उरकली.

पट्ट्यांचा पहिला दिवस फसला. मी अकरा ओळींचा प्रोग्रॅम दिला होता, आणि वरचा पंखा चालू. अर्ध्या पट्ट्या बाकाखाली. दुसऱ्या दिवशी पंखा बंद, ओळी सहाच: आठवड्याच्या दुधाची बेरीज. एका गटाने 'बेरीज बरोबर शून्य' ही पट्टी फॉरच्या आत सरकवली. मी काही बोललो नाही, लॅबमध्ये जाऊन तसंच टाइप करून चालवायला लावलं. उत्तरात फक्त रविवारचं दूध आलं. थॉनीत ओळ-ओळ चालवली, तर प्रत्येक फेरीला बेरीज पुन्हा शून्यावर जाताना दिसली. तेव्हा तीच म्हशीवाली मुलगी शेजारच्या गटातून म्हणाली, "म्हणजे हे रोज रात्री डेअरीची वही फाडून सकाळी नवी घेतायत." माझ्या सगळ्या सेमिस्टरमधलं सगळ्यात चांगलं स्पष्टीकरण माझं नव्हतंच.

परवा पुन्हा चाचणी घेतली. या वेळी विचारलं, तिनाने भाग जाणाऱ्यांची बेरीज. ६४ पैकी ४१ जणांनी स्वतःचं काहीतरी लिहिलं, त्यातले २६ बरोबर. कोरे पेपर नऊ. त्या नऊ जणांचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही. त्यातले चौघे बसच्या वेळेमुळे प्रॅक्टिकलला अर्धाच वेळ असतात.

आता नवीन प्रश्न. स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, उलटी करायला शिकवली, उलट-सुलट सारखे शब्द शोधायला सांगितले. इंग्रजी 'मॅडम' चाललं. एकाने मराठीत 'कडक' टाकलं, तेही चाललं. मग दुसऱ्याने 'नवजीवन' टाकलं, तर पायथन म्हणतं सारखं नाही! पोरं म्हणाली, सर, पायथनला मराठी येत नाही. पण ५ हा देवनागरी आकडा इनपुटला देऊन इंट लावला तर बिनतक्रार घेतो, हेही त्यांनीच शोधलंय. मग नवजीवनला काय धाड भरली?

बाणेरची टेस्टर:

वा, हा तर माझ्या कामातला रोजचा ताप आहे. त्याची लांबी काढून बघा सर. आपण पाच अक्षरं मोजतो, पायथन सहा सांगेल. आपल्याला 'जी' हे एक अक्षर, त्याच्या लेखी ज वेगळा आणि दीर्घ वेलांटी वेगळी. उलटवलं की वेलांटी ज ला सोडून आधीच्या व ला जाऊन चिकटते. छापून बघा, 'नवीजवन' येईल. 'कडक'मध्ये काना-मात्रा नाही म्हणून ते सुटलं. 'रामाला भाला मारा' टाकाल तर स्पेस काढल्या तरी अडेल, कारण उलटं केल्यावर सुरुवातच सुट्या कान्याने होते.

हे शिकवाच. ही चूक आपल्या पोरांना जितकी चटकन दिसते तितकी इंग्रजीवाल्यांना दिसत नाही.

तासिकावाला:

करून बघितलं, नवीजवनच आलं. उद्यासाठी सहा पट्ट्या कापतोय: न, व, ज, वेलांटी, व, न. पंखा बंद ठेवीन.