हॅरिस दहा फुटांवर, तरी बंडू नाराज

विषय: ब्रिटिश लायन बघून आलो

मंडळी नमस्कार,
शनिवारी इथल्या एका छोट्या क्लबात ब्रिटिश लायन हा बँड बघितला. आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचा बास गिटारवाला स्टीव्ह हॅरिस, त्याचाच हा दुसरा बँड. हॅरिस साक्षात दहा फुटांवर, मध्ये कठडा नाही काही नाही, एवढा मोठा माणूस नि समोर जेमतेम आपल्या कोजागिरीला जमतात तेवढी माणसं. पण खरं सांगू, मजा नाही आली. ती मेडनची घोडदौड कुठाय? अण्णा, तुम्ही बासवाले, तुम्हीच सांगा.
बंडू

---

Re: ब्रिटिश लायन बघून आलो

बंडू,
पुण्याला परत येऊन पाच वर्षं झाली तरी तिकडच्या मंडळाने मेलच्या यादीतून माझं नाव काढलेलं नाही, म्हणून लिहितोय.
तू मेडन ऐकायला गेलास इथेच घोटाळा झाला. लक्ष्मी रोडला पथक बघताना आपली नजर ताशावर असते, ढोल नुसता छातीत बसतो. मेडनमध्ये हॅरिसचा बास हाच ताशा आहे. तारा छेडायची पट्टी म्हणजे पिक नाही, नुसती बोटं, चपट्या गुंडाळणीच्या गुळगुळीत तारा, म्हणून तो टकटक आवाज, आणि तडतड-तड तडतड-तड करत तोच सगळ्यांना ओढून नेतो. ब्रिटिश लायनमध्ये हा माणूस मुद्दाम ढोल झालाय. गाणी सत्तरच्या दशकातल्या ब्रिटिश रॉकच्या वळणाची, यूएफओ वगैरे त्याच्या आवडीचे बँड, चाल पुढे नि बास मागे. २०१२ चा पहिला अल्बम मलाही गढूळच वाटला, सगळी वाद्यं एका पातेल्यात ढवळल्यासारखी, पण २०२० चा 'द बर्निंग' नीट ऐक, तिथे सगळं मोकळं झालंय.
१९७५ ला स्वतः काढलेला मेडन बँड, स्टेडियमं भरतात, आणि तरी हा क्लबात वाजवायला जातो. पुण्यात कोणाला याचं नवल वाटायचं नाही, इथे दिवसा बँकेत चेक पास करणारा रात्री राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमीला असतोच.
आणि तुझ्या त्या क्लबात मागे ड्रमवर बसलेला सायमन डॉसन बघितलास ना? मेडनचा ड्रमर निको मॅकब्रेनने डिसेंबर २०२४ मध्ये दौरे थांबवले आणि दुसऱ्याच दिवशी मेडनने याचं नाव जाहीर केलं. म्हणजे गल्लीतल्या पथकातून थेट मानाच्या गणपतीपुढे!
माझा बास माळ्यावर सोलापुरी चादरीत आहे, काल तुझी मेल वाचून उतरवला. खालची जाड तार गंजलीये, हात लावला की बोटाला तांबूस पूड लागते. कॉलेजच्या गॅदरिंगला अँप नव्हता म्हणून मांडववाल्याच्या कर्ण्याच्या मशीनला लावला होता, दुसऱ्या गाण्याला कर्णा फर्रर्र झाला आणि डिपॉझिट गेलं ते गेलंच. २००८ च्या एक फेब्रुवारीला मेडन मुंबईत आले तेव्हा मी तिकडे तुमच्या थंडीत बर्फ उपसत होतो आणि भाचा एक्स्प्रेस हायवेने जाऊन बघून आला, ते अजून ऐकवतो मला.
अण्णा, कोथरूड

---

Re: Re: ब्रिटिश लायन बघून आलो

अहो, हे सगळं छान आहे पण ही यादी मंडळाची आहे ना? दिवाळीच्या फराळाची नावं अजून अर्ध्यांनी कळवलेली नाहीत. चकल्या किती करायच्या ते मला आज कळायला हवं. बंडू, तुझंही आलेलं नाही.
काकू

---

Re: Re: Re: ब्रिटिश लायन बघून आलो

काकू सॉरी, आमचे चौघं धरा, चकल्या जास्त.
अण्णा, 'द बर्निंग' लावलाय, तिसरं गाणं चालू आहे. ढोलाचं पटतंय थोडं थोडं. तारांचा सेट पाठवू का? डिसेंबरात येतोय, चपट्याच आणतो, तोवर तो बास परत माळ्यावर टाकू नका.
बंडू